सात वेळा तोच तुकडा

"माझा नंबर अकरा आहे," बायको चपला काढता काढता म्हणाली, आणि मी कपाळावर हात मारून घेतला.

"तू मला सांगितलंस कशाला? मला कळायला नको होतं!"

"नवऱ्याला नाही सांगणार, तर कुणाला सांगू?"

तिचंही बरोबरच होतं. ती बाळांच्या वॉर्डात आया, मी त्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ. वॉर्डातल्या तीन बाळांच्या अंगावर पुवाचे फोड उठले होते. कर्मचाऱ्यांच्या नाकातले आणि वॉर्डातल्या वस्तूंवरचे नमुने घेतले, तेव्हा हिच्याही नाकात फोडांतलाच जंतू निघाला. तसा तो कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात सुखाने नांदत असतो. पण त्या तिन्ही बाळांना अंघोळ हिनेच घातली होती, त्यामुळे वॉर्डात सगळ्यांची बोटं हिच्याकडे. एकोणीस वर्षं बाळांना न्हाऊमाखू घालणारी बाई चादरींच्या घड्या घालत बसली. घरी तर तिने कहरच केला. दोन महिन्यांच्या नातीला नऊ दिवस उचललं नाही. पोर रडली की दारात उभी राहून सुनेला हाका मारायची. आता बाळांचा जंतू कुठल्या नमुन्यातल्या जंतूशी जुळतो ते मला तपासायचं होतं, आणि कुणाची बाजू घेतली जाऊ नये म्हणून नळ्यांवर नावांऐवजी नुसते नंबर होते.

दुसऱ्या दिवशी मी लॅबच्या मॅडमना सरळ सांगून टाकलं, "अकरा नंबर कुणाचा ते मला कळलंय. हे काम दुसऱ्या कुणाला द्या."

"दुसरं आहे कोण इथे?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः बसून सगळ्या नळ्यांवरचे नंबर बदलले आणि यादी आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवली.

या जंतूच्या डीएनएत एक लहानसा तुकडा पाठोपाठ येत राहतो, विणताना तोच टाका पुन्हा पुन्हा घालावा तसा. एका घराण्यात सात वेळा, दुसऱ्यात पाच वेळा. आकडा वेगळा, तर घराणं वेगळं. तिन्ही बाळांचा आकडा सात आला. बाकीचे मी मोजत गेलो. पाच, नऊ, पाच. चार नंबरच्या नळीला सात.

पुन्हा मोजलं, पुन्हा सात. खोटं कशाला बोलू, पाच लिहावं असं क्षणभर वाटलं. मग सात लिहिलं आणि कागद मॅडमसमोर ठेवला.

त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. "चार नंबर, वजनकाट्यावरची गादी. शिवण उसवलीये तिची. कधीची बदला म्हणतेय!"

"आणि जुना अकरा?"

"पाच."

माझा जीव भांड्यात पडला. मॅडमसमोर मी कधी बसत नाही, त्या दिवशी न विचारता बसलो.

तिची सुट्टी होती. घरी फोन लावला. "तू नाहीस गं. गादी निघाली. नातीला घे आता."

मागे पोर रडत होती. फोन चालूच ठेवून ती गेली आणि नळ सुरू झाल्याचा आवाज आला. वॉर्डात धुते तसे ती कोपरापर्यंत हात धूत असणार. बराच वेळ पाणी वाहत राहिलं. मग नळ बंद झाला, आणि थोड्या वेळाने पोर रडायची थांबली.