मूळपुरुषाचा शेवटचा दात

मित्रांनो, मी एक जुना जबडा आहे, उंदराचा. हसू नका! आमच्या बेटावरचा उंदीर सशाहून मोठा असे. तिथे ना मांजर होतं, ना कोल्हा. लपायची गरजच नव्हती, म्हणून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या थोराड होत गेलो. पुढे आमचा वंश संपला आणि मी एका गुहेच्या मातीत हजारो वर्षं पडून राहिलो.

मला बाहेर काढलं जुन्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या सरांच्या माणसांनी. मातीचं सतरा नंबरचं ढेकूळ त्यांनी पाण्याखाली चाळणीत धरलं. मी वरच्या जाड चाळणीत अडकलो. माझ्यासोबतचा नखाएवढा जबडा खालच्या बारीक चाळणीत गेला. दोघांना ढेकळाचा नंबर लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या लागल्या आणि सरांच्या टेबलावर आम्ही दोन वेगळ्या ताटल्यांतून पोचलो. सर त्या चिमुकल्याकडे बघतच राहिले. "हाच मूळपुरुष!" ते म्हणाले. "ओंडक्यावर बसून पहिल्यांदा बेटावर आला, तो असाच एवढासा असणार."

झालं! त्याला संग्रहालयात काचेची पेटी मिळाली, निळी मखमल मिळाली, वर दिवा मिळाला. मला मिळाला तळघरातल्या कपाटाचा चौथा खण, थोडा कापूस आणि एक शेरा: 'बाजूची शाखा'.

कपाटं सांभाळणारे मामा खण पुसता पुसता माझ्याशी बोलायचे. "आज मूळपुरुषापुढे शाळेची रांग लागली होती, बाबा!" माझा नुसता जळफळाट व्हायचा. दातओठ खायला मला ओठ नव्हते, नाहीतर तेही खाल्ले असते. माझे दात बघा, झिजून पाटीसारखे सपाट झालेत. आयुष्यभर चावलंय मी! आणि कौतुक कुणाचं, तर त्या टिकोजीरावाचं. त्याचा दिवा विझो, त्याच्या मखमलीला कसर लागो, असं मी चाळीस वर्षं रोज म्हणत आलो. खोटं कशाला सांगू?

मग सरांच्या एक विद्यार्थिनी, ज्यांना मामा बाई म्हणत, आमची नाती नव्याने जुळवायला आल्या. त्यांना हाडांच्या आतले फोटो हवे होते. मामांनी त्याला खाली आणून माझ्याशेजारी ठेवलं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बाईंनी त्याचा फोटो उजेडाकडे धरला.

"मामा, याचा शेवटचा दात अजून हाडातच आहे हो. आणि वर आलेत ते दात खाली रुंद होत चाललेत. म्हणजे वाढायचे होते अजून. हा कसला मूळपुरुष! हे पिल्लू आहे."

"पिल्लू? कुणाचं?"

बाईंनी माझे दात मोजले. मग दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. सतरा आणि सतरा.

"या मोठ्याच्याच जातीचं. एकाच ढेकळातले आहेत दोघं. इतकी वर्षं कुणी चिठ्ठ्या ताडूनच पाहिल्या नाहीत. सरांना कसं सांगू आता?"

"मग मूळपुरुष कुठाय?"

"तो अजून सापडायचाय, मामा."

मित्रांनो, मी त्याची आई होतो, आजोबा होतो की नुसता शेजारी, हे जबड्यावरून कळत नाही. पण माझ्या कुशीतल्या मातीत दुसरं कुणी नव्हतं. ज्याला मी चाळीस वर्षं शिव्याशाप दिले, त्या पोराला अजून सगळे दातही आले नव्हते.

मूळपुरुष नाही म्हटल्यावर त्याला पेटीतून काढलं; आता काचेच्या पेटीत मी आहे. मखमल मऊ आहे, दिवा लख्ख आहे, रांगही लागते. तो खाली गेला, चौथ्या खणात, माझ्या कापसावर. मी मागितलेलं सगळं मला मिळालं आणि मला ते नको झालंय.

माझी एकच विनंती आहे. एका मातीतून निघालेल्यांना केवळ लहानमोठे म्हणून वेगळं करू नका, त्यांच्या चिठ्ठ्या ताडून पाहा. आणि तुमच्यापैकी कुणी पुढे इथे कामाला आलं, तर चौथा खण हळू उघडा. त्या कापसात माझ्या मापाचा खळगा पडला आहे. पोराला तो फार मोठा होतो, खण ओढला की ते आत घरंगळतं. तेवढा थोडा कापूस त्याच्या बाजूने भरा.