गाळलेलं प्रकरण

माझी नात मला फसवत होती. चौदा वर्षांची पोर, आणि चाळीस वर्षं पुस्तकं शिवलेल्या बाईला पुस्तकातच फसवायला निघाली!

माझी शाळा दुसरीतच सुटली. पुढे बाइंडिंगच्या कारखान्यात हजारो पुस्तकं दुमडली, शिवली, पण आत काय छापलंय ते बघायला सवड कुणाला होती? आता शाळेतून आली की नात मोठ्याने वाचते आणि मी ऐकते. वाऱ्याशी बोलणाऱ्या एका मुलीच्या गोष्टीचे चार भाग आम्ही असे संपवले. त्यात उडणारे लांडगे आहेत, कुरकुरणारे डोंगर आहेत, आणि किल्ल्याच्या दारावर बसून त्या मुलीला सांभाळणारी एक म्हातारी आहे. तोंडाने फटकळ, म्हणून मला आवडायची.

“अगं, एवढ्या थंडीत ही अनवाणी गुहेत शिरली?”

“आजी, जादूची गुहा आहे ती.”

“जादूच्या गुहेत काटे नसतात वाटतं! हिची आई कुठे बघत होती?”

आई म्हटलं की आम्ही दोघी गप्प. नातीची आई, माझी लेक, गेल्या वर्षी आजारपणात गेली. जावई परगावी नोकरीला. घरात आम्ही दोघीच, आणि दोघीही तिचं नाव काढत नाही. जेवताना भांड्यांचा तेवढा आवाज होतो.

पाचवा भाग आला आणि पोरीचं वागणं बदललं.

“आजी, हा नको. हा मोठ्या मुलांसाठी आहे. फार भयंकर आहे.”

“मग मी काय पाळण्यात आहे? वाच.”

वाचलं तिने. पण सहावं प्रकरण सुरू व्हायच्या आधी पान उलटल्याचा आवाज जाड आला. एक पान उलटतं तेव्हा कागद कसा बोलतो आणि आठदहा पानं एकदम उलटली की कसा, हे मला कुणी शिकवायला नको. त्यात गोष्टीतली ती मुलगी म्हातारीशी अचानक बोलेनाशी झालेली.

“काय गं, हिचं काय बिनसलं?”

“भांडण झालं.”

“कशावरून?”

“ते लिहिलं नाहीये.”

लिहिलं नाहीये म्हणे!

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी पुस्तक टेबलावर शिवणीकडच्या बाजूवर उभं धरलं आणि हात सोडले. पुस्तक जिथे जास्त वेळा उघडलं जातं तिथे त्याची शिवण सैल पडते, आणि सोडलं की ते आपसूक तिथेच उघडतं. उघडलं. तेच, गाळलेलं प्रकरण. एकदोनदा नाही, पोरीने ते पन्नासदा तरी उघडलेलं असणार, एकटीने, दार लावून.

चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून, जोडाक्षरांना अडखळत वाचत बसले. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी उठले नाही.

मुलीची आई अंथरुणाला खिळलेली. ती आज जाणार हे म्हातारीला कळलेलं. तरी मुलीला म्हणते, जा, पलीकडच्या झऱ्याचं पाणी घेऊन ये, आई थांबेल. पोर धावतपळत पाणी घेऊन येते, तर अंथरूण रिकामं.

मी पुस्तक मिटलं.

माझी लेक गेली त्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आजचा दिवस निघणार नाही. पोरीचा गणिताचा पेपर होता. “जा, पेपर दे,” मी म्हटलं, “आई संध्याकाळपर्यंत कुठे जात नाही.” तिने दारातूनच हात हलवला. आई झोपेत होती. नंतर भेटायला आलेले म्हणत होते, बाई केवढी खंबीर! पोरीला काही बघू दिलं नाही. मलाही तसंच वाटायचं.

संध्याकाळी ती हातपाय धुऊन पुस्तक घेऊन बसली.

“काल गाळलंस ते वाच,” मी म्हणाले.

तिचा चेहरा उतरला. “कंटाळवाणं आहे गं ते.”

“कंटाळवाणं कुणी इतक्यांदा उघडत नाही. वाच.”

खालच्या आवाजात वाचू लागली. रिकाम्या अंथरुणापाशी आली आणि थांबली.

“पुढे.”

“आजी, नको ना.”

“पुढे वाच म्हणते ना!”

माझ्याकडे न बघता तिने वाचलं, “‘तुला माहीत होतं. तू मला तिच्याशी शेवटचं बोलूसुद्धा दिलं नाहीस. मी तुला कधी माफ करणार नाही.’”

वाचताना ती पुस्तकाकडे बघत नव्हती. पाठ होतं तिला.

कारखान्यात मालकासमोरही माझी मान कधी खाली गेली नव्हती. उठून आत जावं असं वाटलं. गेले नाही.

“त्या पोरीने तोंडावर सांगितलं, बरं केलं,” मी म्हणाले. “म्हातारीचं चुकलंच होतं. आणि तू वर्षभर माझ्याशी चांगली वागत राहिलीस, हे तुझं चुकलं.”