चौतिसावा टॅब

मी जागृतीचा लॅपटॉप बोलतोय. वायर काढू नका. माझी बॅटरी कधीच गेली, बोलणं अर्धवट राहील.

सिंदी मेघे गावातल्या या घरात आलो, तेव्हा जागृती वेबसाइट बनवायची. शाळांच्या, मंगल कार्यालयांच्या, एका दातांच्या डॉक्टरची. कंटाळली. मग मार्केटिंग. बटणं तीच, पण दिवसभर ‘आजच भेट द्या’ एवढंच टाइप व्हायचं. तिथेही जीव रमेना. आता ती प्रॉडक्ट मॅनेजर आहे. म्हणजे काय, हे तिचे बाबा प्रेमदास पाहुण्यांना दर वेळी वेगळं सांगतात.

बाईसाहेब चौतीस टॅब उघडून बसतात, माझा पंखा घरघरत राहतो. आणि काही बिघडलं की दुरुस्त करत नाहीत, कामच बदलतात. मला त्याचीच धास्ती.

या वेळी ॲप होतं कापूस वेचणाऱ्या बायांसाठी. बाईने नाव भरायचं, शेतकऱ्याने बोलवायचं. अल्लीपुरात नावं भरली गेली, बोलावणी गेली, पण एकही बाई कामावर गेली नाही. ॲप ठेवायचं की बंद करायचं, हे कंपनी सोमवारी ठरवणार होती. शनिवारीच जागृतीने चौतिसाव्या टॅबमध्ये दुसऱ्या नोकरीचा अर्ज लिहून ठेवला.

रविवारी दुपारी अल्लीपूरची तानाबाई मावशी आली. ती स्वतः वेचणीला जाते. तिने ॲप पाहिलं.

"हे एकटीलेच काऊन बलावते?"

"मंग कसं बलावावं, मावशी?"

"आमी आठजणी संगच जातो. एकटी बाई परक्याच्या वावरात जाईन का? आन् फोन त आमच्यातल्या लीलाबाईजवळच राह्यते. तिलेच निरोप येते."

इतक्या वर्षांत जागृतीने कुणाला आधी विचारलंच नव्हतं. मग चार वर्षांत पहिल्यांदाच तिने माझ्यावर कोड उघडला. हात अडखळत होते. एकटीचा रकाना काढून तिने टोळीचा केला.

"‘सबमिट’ काय लिवलं? ‘निरोप धाडा’ लिव," मावशी म्हणाली. जागृतीने तसंच लिहिलं.

सोमवारी कंपनीने महिनाभराची मुदत दिली. आज सकाळी लीलाबाईच्या फोनवर पहिला निरोप गेला, आणि आठही जणी वावरात पोचल्या. जागृती हसली. मलाही फार बरं वाटलं.

पण तो अर्ज अजून उघडाच आहे. ती पाठवत नाही आणि मिटवतही नाही. येता-जाता एकदा बघून घेते.

जागृती, मी जुना झालो, मला खुशाल मोडीत दे. पण आधी तो एवढा टॅब बंद कर.