दहा मिनिटं

झेबनायने पाऊल जरा लांब टाकलं आणि तिचा बूट शितायेच्या टाचेला घासला.

“डोळे फुटले का?” मागे न बघता शिताये म्हणाली. “मी पाय ठेवते तिथेच ठेव.”

“ठेवते गं ताई, पण तू उचल तरी! धावतोय की मयताला चाललोय?”

इथिओपियातल्या सुलुल्ताच्या निलगिरीच्या रानात अजून दव होतं. अंग तापवायचं ते असंच, झाडांमधून वळणं घेत, एकीमागे एक. पुढचीने वेग ठरवायचा, मागचीने तिच्या पावलांवर नजर ठेवायची. ओळ मोडून पुढे जाणं म्हणजे निव्वळ आगाऊपणा. चार वर्षं एका खोलीत राहून, एका ताटातला इंजेरा खाऊन झेबनाय रोज शितायेच्याच मागे धावत आली होती. पण आज आठ वाजता खालच्या कच्च्या रस्त्यावर निवड चाचणी होती. पळणाऱ्या सोळा जणी, आणि जर्मनीच्या शर्यतीसाठी जागा एकच.

बाकीच्या जणी एव्हाना वेग वाढवून छोट्या उड्यांवर आल्या होत्या. शिताये मात्र अजून रेंगाळतच होती. झेबनायच्या मनात पाल चुकचुकली. मला थंडच ठेवायचा डाव आहे हिचा! थंड अंगाने उभं राहिलं की पहिल्याच चढावर मांडी धरते, हे शितायेनेच तिला शिकवलं होतं. शिताये तेहतिशीची, तिची ही शेवटची संधी. अशा वेळी माणूस काय करणार नाही? या विचाराची तिला लाज वाटली, पण तो काही हटेना.

तिने रागाने खाली पाहिलं. ओल्या मातीत शितायेच्या उजव्या पावलाचा ठसा पुरा उमटत होता, डाव्याचा नुसता चवड्याचा. टाच टेकतच नव्हती. याच टाचेमागच्या शिरेने गेल्या वर्षी तिला सात महिने घरी बसवलं होतं.

“ताई, तुझा पाय...”

“गप धाव. गरम झाला की सुटतो.”

“कधी?”

“आज वेळ लावतोय मेला.” शितायेचा आवाज कापला.

खालून शिट्टी वाजली. दोघी उतरल्या तेव्हा बाकीच्या रेषेपाशी गोळा होत होत्या. प्रशिक्षक तेशोमे, ज्यांना सगळ्याजणी आदराने गाशे म्हणत, हातात यादी घेऊन उभे होते. लंगडणारीला ते पळू देत नसत. त्यांच्या कानावर एक शब्द घातला असता तरी शिताये बाद झाली असती. खरं तर तोही घालायची गरज नव्हती. पहिल्या चढावर पाय आपोआपच बोलला असता.

“गाशे,” झेबनाय म्हणाली, “माझं अंग अजून तापलं नाही. दहा मिनिटं द्या.”

हे बोलताना घाम तिच्या हनुवटीवरून ठिबकत होता; रेंगाळत धावूनही अंग केव्हाच तापलं होतं.

“महाराणीसाठी पंधरा जणींना थंड पडू देऊ?”

“मी सगळ्यांच्या मागे उभी राहते.”

तेशोमेंनी तिचा घाम पाहिला. मग तिच्या खांद्यावरून शितायेकडे बराच वेळ पाहिलं.

“दहा. वर एक सेकंद नाही. आणि बाकीच्यांनो, पुतळ्यासारख्या उभ्या राहू नका, हलत राहा!”

“तुझ्यामुळे खोळंबा,” कुणीतरी करवादलं.

या वेळी झेबनाय पुढे झाली. शिताये तिच्या मागे आली. मागून एक पाऊल जड पडत होतं, एक हलकं. झेबनायने वेग वाढवला नाही, मऊ माती शोधत ती झाडांना वळसे घालत राहिली. पाच मिनिटं झाली, सहा झाली. आठव्या मिनिटाला मागची दोन्ही पावलं सारखी वाजू लागली. झेबनायला इतकं बरं वाटलं की तिचे डोळे भरून आले.

आणि मग तिला आठवलं, जागा एकच होती. या बाईला तिने आजवर एकदाही हरवलं नव्हतं.