काट्यावरची बाधा

मलकापूरच्या त्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या तशाच सोडून माणसं वजनकाट्याच्या खोलीभोवती जमली होती. सकाळपासून एकाचीही पावती मोबाइलवर आली नव्हती. बाधा काढायला बोलावलेल्या महाराजांनी कॉम्प्युटरवरून लिंबू फिरवलं, "निघ बाहेर!" अशी डरकाळी फोडली आणि काट्यावरच्या सहदेवला फर्मावलं, "आता प्रोग्राम बंद कर अन् हातानं उघड." पुढच्याच गाडीची पावती टिंग करून आली. जयजयकार झाला.

अनुपमा हे शेजारच्या कोठीच्या गजांतून पाहत होती. प्रोग्राम तिनंच लिहिलेला. आठवड्यापूर्वी तिनं तो कॉम्प्युटर लागताच आपोआप, मागच्या मागे चालेल असा बसवला आणि तेव्हापासून पावत्या गायब. महाराजांचं निदान तयार होतं: पोरगी पांढऱ्या पायाची. मालक भगवानरावांनी पूजेपुरती तिला कोठीत घालून कडी लावली. उद्यापासून कामही बंद. संतापानं तिला रडू येत होतं, आणि खरं सांगायचं तर तिचा स्वतःवरचा विश्वासही डळमळला होता.

"रोज सकाळी बाधा परत येते," महाराज सांगत होते. "माह्या हातावाचून जात नाही."

रोज सकाळी! आगीच्या धाकानं जिनिंगचा मेन स्विच रोज संध्याकाळी पाडतात. सकाळी कॉम्प्युटर नव्यानं लागतो, प्रोग्राम आपोआप सुरू होतो. आणि महाराज तो हातानं उघडायला लावतात. अनुपमा गजांना धरून ओरडली, "भाऊ, सकाळच्या पावतीचा नंबर अख्ख्या कॉम्प्युटरात हुडका! मंग खुशाल मले काढून टाका!"

"ऐकू नका, बाधा बोलून राह्यली!" महाराज खेकसले.

"हुडकाले काय जाते?" म्हणत सहदेवनं नंबर टाकला. आठवड्यात गायब झालेल्या एकूण एक पावत्या विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात निघाल्या.

कडी उघडली.

"चूक माही हाये," अनुपमा म्हणाली. "प्रोग्रामले मी पत्ता अर्धवट देल्ला. उभा असशील तिथं पावती ठेव, एवढंच. हातानं उघडला की तो आपल्या फोल्डरात उभा राह्यते, आपोआप लागला की विंडोजच्या. मोबाइलवर पाठवणारा प्रोग्राम मात्र आपल्याच फोल्डरात पाह्यते. आता पूर्ण पत्ता लिहून देते."

"माह्या पूजेनंच सापडल्या!" महाराज म्हणाले.

"मंग उद्या येऊ नका," अनुपमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कुणी कशाला हात लावला नाही. पहिल्या गाडीची पावती आपसूक आली.

"राग मानू नको, पोरी," भगवानराव खाली मान घालून म्हणाले.

"राग हाये, भाऊ. यंत्र अडलं तर कारण हुडका. बाई हुडकू नका."