धुराचा भोंगा आणि हवालदार

घरमालकीणबाई सावकाश बोलत होत्या, म्हणून तिला त्यांच्या ओठांवरून शब्द नीट वाचता आले.

"पोरी, करारात स्पष्ट लिहिलंय. पाळीव प्राणी चालणार नाहीत."

कवळ्या बनवणाऱ्या त्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिच्या कामाच्या कारखान्याजवळचं हे घर मात्र तिला हवंच होतं.

"काकू, माझा हा कुत्रा, हवालदार, कायद्याने पाळीव नाही. तुमच्या चष्म्यासारखाच तो माझा आधार आहे. आता नववं कलम वाचा. प्रत्येक घरात धुराचा भोंगा हवा. तो वाजल्याचं मला कोण सांगणार?"

"हा सांगेल होय?"

"वाजवून बघा."

काकूंनी केरसुणीच्या दांड्याने छताला लावलेल्या भोंग्याचं बटण दाबलं. तपकिरी कुत्रा ताडकन उठला, तिच्या गुडघ्याला दोनदा पंजा लावून दाराकडे निघाला. ती मागोमाग गेली. मग तो उंबऱ्यात थांबून काकूंकडे एकटक बघत राहिला. कानांवर हात ठेवून त्याही मुकाट्याने बाहेर आल्या.

"मेल्यानं मलाही घराबाहेर काढलं की!" काकूंना हसू आवरेना. "चल आत, सह्या करू. ते पाळीव प्राण्यांचं कलम खोडू ना?"

"राहू द्या की," ती म्हणाली. "मी कुठे मांजर पाळणार आहे?"