साडेतीनशे डिग्री

करिष्मा माहेरी यायची ती आधी गाडीचा हॉर्न, मग आवाज आणि शेवटी ती स्वतः, अशी. त्या शनिवारी दुपारी या तिन्हींच्या मागून एक मोठं खोकंही आलं. ड्रायव्हरने ते पोटाशी धरून पूर्णा गावातल्या त्या तीन मजली घराच्या पायऱ्यांवरून वर आणलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं.

"ओव्हन आहे. जपून," करिष्मा म्हणाली. "तुमच्याकडे असलं काही नसतं, म्हणून मीच घेऊन आले."

'तुमच्याकडे' हा शब्द मृणालीने बरोबर टिपला. पाच वर्षांपूर्वी, लग्न होऊन ठाण्याला जाईपर्यंत, हीच बाई याच घरात मांडी घालून सुकट निवडत होती. आता तिला सुकटीच्या वासाने मळमळायचं म्हणे. मृणाली करिष्माच्या धाकट्या भावाची, प्रितमची, बायको. तिचं माहेर पडघ्याचं, वडिलांचं हायवेला टायरचं दुकान. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना तिचं लग्न झालं, आणि नणंदेच्या लेखी ती तेव्हापासून 'टायरवाल्याची' होती.

संध्याकाळी सासऱ्यांची एकसष्टी होती. भात लावत होते तोवर त्यांना गाव महादू म्हणे. शेतांवर गोदामं उभी राहिली तसे ते महादूशेठ झाले. मटण-भाकरीचं जेवण आचाऱ्याकडे दिलं होतं. पण करिष्माची सासू आनंदीबाई आणि ठाण्याचे सोयरे येणार, त्यांच्यापुढे केक कापायचा म्हणजे गावठीपणा, असं करिष्माचं म्हणणं.

"मी ॲपल पाय करणार आहे. वरून कॅरमल."

सासूबाई, ज्यांना सगळं घर आक्का म्हणे, लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली. "कसला पाय?"

"सफरचंदाचा."

"सफरचंदाला कवापासून पाय फुटलं गो?"

मृणालीला हसू आलं. ते तिने पदरात लपवलं नाही.

करिष्माने पर्समधून एक छापील कागद काढला. क्लासच्या बाईंनी इंटरनेटवरून काढून दिलेला. तो तिने फ्रिजला चुंबकाने लावला आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. मैदा चाळ. लोणी आण. सफरचंदं सोल. सफरचंदं बारा होती, प्रत्येकावर परदेशी स्टिकर. एक स्टिकर निघालं नाही तेव्हा ती म्हणाली, "नखाने काढ गं, असली फळं पाहिली नसतील तू."

मृणालीने नखाने काढलं. मनात म्हणाली, स्टिकर काढलं की सफरचंदच उरतं, तुझं काय उरेल?

कागदावर लिहिलं होतं की पीठ मळायचं नाही, गार लोणी बोटांनी नुसतं चोळायचं. करिष्माने ते इंग्रजीतून मोठ्याने वाचलं आणि मग बाह्या सरसावून परातीत पीठ असं तिंबलं, की जणू वीस माणसांच्या चपात्या करायच्या आहेत. लोणी वितळून परातीला तूप सुटलं. सफरचंदाच्या फोडी कुठे जाड, कुठे कागदासारख्या. दालचिनीची पूड तिने डोळे मिटून टाकली आणि मग दोन मिनिटं शिंकत राहिली. क्लासला किती दिवस गेली होती देव जाणे. मृणालीला वाटलं, फी भरायच्या दिवशी एकदा आणि फोटोच्या दिवशी एकदा.

मग ओव्हनची वेळ आली. करिष्माने कागदावर बोट ठेवलं. "साडेतीनशे डिग्री, पाऊण तास." तिने बटण फिरवलं. ते अडीचशेवर जाऊन अडलं. तिने जोर लावला. बटण हललं नाही.

"अडीचशेच आहे यात. असू दे, फुल ठेवते. दहा मिनिटं जास्त देऊ."

मृणालीने कागदाकडे पाहिलं. साडेतीनशेच्या पुढे बारीक 'एफ' होता. बत्तीस वजा, पाचने गुणून नवाने भाग. तिने हिशेब मनात केला, तो तिला अजून झोपेतही आला असता. "ताई, ते फॅरनहाइट आहे. आपल्या ओव्हनवर पावणेदोनशे ठेवायचं."

करिष्मा वळली. आचाऱ्याच्या दोन बाया दारात उभ्या होत्या, त्या ऐकत होत्या. "हे बघ मृणाली, मी सर्टिफिकेट घेतलंय. तू टायरमध्ये हवा किती भरायची ते सांग, ते तुला कळेल."

बाया हसल्या. मृणालीने हात पुसले. आणखी एकदा सांगता आलं असतं. बटण नुसतं मागे फिरवता आलं असतं. पण तिने पाट ओढला आणि आक्कांच्या समोर लसूण सोलायला बसली. जळू दे, तिने ठरवलं. काही माणसांना धूर दिसल्याशिवाय विस्तव कळत नाही.

धूर पंचवीस मिनिटांत दिसला. आधी वास आला, मग ओव्हनच्या काचेमागे काळं काहीतरी फुगलं, आणि करिष्मा किंचाळत धावली. तिने बाहेर काढलं ते वरून कोळसा होतं आणि मध्ये सुरी घातली तर आत फोडी अजून कच्च्या, करकरीत.

"जललं," आक्का म्हणाल्या, फारसं वाईट न वाटता.

करिष्मा मागच्या मोरीवर गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मृणाली तिथे गेली ती खरं तर जळका टिन भिजत घालायला. करिष्मा धुण्याच्या दगडावर बसली होती, नळ नुसताच सोडलेला, काजळ गालावर आलेलं.

"माझ्या सासूबाई मुद्दाम बोलल्या," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "माझ्या जावांसमोर. म्हणे, करिष्माच्या माहेरी काय, परातभर भाकऱ्या नि वाडगाभर रस्सा, त्यांना कुठे ओव्हन माहीत. मी म्हटलं, दाखवते. आता सात वाजता येतील त्या."

मृणालीला वाटलं होतं आपल्याला हे ऐकून बरं वाटेल, किंवा निदान दया येईल. दोन्ही झालं नाही. उलट तिला आता सगळं स्वच्छ दिसलं. हिला तिथे कुणी विचारत नाही, म्हणून ही इथे येऊन आमच्यावर शेठाणी होते. तिथे मिळालेला मार इथे वाटते. पण तो परातभर भाकऱ्यांचा टोमणा मात्र तिला चावला. त्या भाकऱ्या रोज तीच भाजत होती.

तिने नळ बंद केला. "सफरचंदं पाच उरलीत. तोंड धुवा आणि सोला."

"लाइट सहाला जाते इथली."

"म्हणूनच म्हणते, उठा."

साडेचार झाले होते. मृणालीने लोणी बर्फाच्या भांड्यात ठेवलं, मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळलं, गार पाण्याचा हबका मारून गोळा केला आणि हात आखडता घेतला. करिष्मा समोर बसून फोडी करत होती. एक जाड झाली तशी मृणालीने ती ताटातून उचलून तिच्यापुढे परत टाकली. "ही पुन्हा." आणि करिष्माने पुन्हा केली. मृणालीला त्यात जे सुख झालं त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी दुसरा टिन आत गेला, पावणेदोनशेवर. मग तिने कढईत साखर टाकली. पडघ्याला तिची आई दर संक्रांतीला चिक्की करायची, त्यामुळे पाक कधी हसतो नि कधी रुसतो हे तिला कागदाशिवाय कळत होतं. साखर कडेने वितळली, मधाच्या रंगाची झाली, मग तांब्याच्या. करिष्माने चमचा घालायला हात पुढे केला.

"ढवळू नका. खडे होतील."

तिने थेंब गार पाण्यात सोडला, बोटांनी दाबला, तो काचेसारखा कडक होऊन मोडला. लगेच लोणी घातलं, साय घातली. कढई फसफसून वर आली आणि खाली बसली. रंग असा आला की आक्कासुद्धा गुडघ्यावर हात टेकून उठून बघायला आल्या.

सहाला लाइट गेली. ओव्हनमधला लाल दांडा काळा पडला. अजून दहा मिनिटं हवी होती.

"बघू दे, झालाय का!" करिष्मा झेपावली. मृणालीने ओव्हनच्या दाराला पाठ लावली. पदर भाजत होता तरी हलली नाही. "हात लावायचा नाही. आतली धग आहे तेवढी पुरेल. दार उघडलंत तर तुमच्या सासूला आचाऱ्याचा रस्साच वाढा."

वीस मिनिटांनी तिने दार उघडलं. कवच खरपूस, कडा फुटून रस बाहेर आलेला. तिने वरून कॅरमल ओतलं.

सातला आनंदीबाई आल्या. इन्व्हर्टरच्या एका ट्यूबखाली महादूशेठना सुनेने आणि लेकीने ओवाळलं, मग सोयऱ्यांना ताटल्या दिल्या. प्रितमने दोन घासांत तुकडा संपवला. महादूशेठ बोटं चाटत म्हणाले, "बेस हाय रं हा!"

"माझ्या क्लासची रेसिपी आहे, बाबा," करिष्मा म्हणाली. काजळ नव्याने घातलेलं होतं.

मृणालीला ते अपेक्षितच होतं. तिने पुढची ताटली भरली.

आनंदीबाईंनी चमच्याच्या टोकावर एवढंसं घेतलं, जिभेवर घोळवलं, आणि नाक मुरडलं. "गोड जरा जास्तच झालंय."

"हो ना आई," करिष्मा लगेच म्हणाली. "ते वरचं मृणालीने केलं. मी सांगत होते, पण तिला अंदाज नाही. इकडे सवय नाही ना यांना."

खोलीत सगळ्यांनी मृणालीकडे पाहिलं. तिने ताटल्यांचा ट्रे टेबलावर ठेवला. आवाज न चढवता म्हणाली, "वरचं मी केलं, काकी, आणि खालचंही. ताईंनी केलेला मागे मोरीवर आहे. तो गोड अजिबात लागणार नाही. आणू का?"

आक्का फिसकन हसल्या आणि महादूशेठ ठसका लागेपर्यंत. करिष्माचा चेहरा लाल झाला, कानापर्यंत. आनंदीबाईंनी आपल्या सुनेकडे एकदा पाहिलं, आणि त्या नजरेत जे होतं ते मृणालीला ओळखीचं वाटलं. दुपारभर ते तिच्याच डोळ्यांत होतं. ते तिला फारसं आवडलं नाही.

"राहू दे तो," आनंदीबाई म्हणाल्या. हातातला तुकडा संपवून त्यांनी रिकामी ताटली पुढे केली. "आणखी एक तुकडा वाढ."

"गोड जास्त आहे म्हणालात ना?"

"वाढ गं."

मृणालीने वाढला, मुद्दाम लहान.

जाताना करिष्मा तिच्याशी बोलली नाही. ओव्हन न्यायला ड्रायव्हर आला तेव्हा गाडीतून आवाज आला, "राहू दे तिकडेच, मला काय करायचाय!" दोन महिने ती पूर्ण्याला फिरकली नाही. आक्का एकदा म्हणाल्या, "लेकीला एवढं लागेल असं बोलू न्हाय." मृणाली म्हणाली, "मग लेकीला सुनेशी बोलायला शिकवा," आणि आक्कांनी विषय बदलला.

मग एका सकाळी फोन वाजला. पलीकडे करिष्मा, आवाज दबलेला, बहुधा बाल्कनीतून. सासूने जावेच्या मुलाच्या वाढदिवसाला पाय करायला सांगितला होता.

"किती ठेवायचं ते... डिग्री?"

मृणाली भाकरी थापत होती. तिने ती तव्यावर टाकली, उलटली, फुगू दिली. फोन खांद्याशी धरून.

"कोण बोलतंय?" तिने विचारलं.

"मी. करिष्मा."

"कागद आहे ना तुमच्याकडे? सर्टिफिकेटसुद्धा."

करिष्माने फोन ठेवला नाही. मृणालीने तव्यावरची भाकरी उतरवली, हात पुसले, आणि म्हणाली, "लिहून घ्या. मी एकदाच सांगणार आहे."